सहाव्या कप्प्यातलं गार पाणी

१

दुपारचे दोन वाजले की सनोबर डोक्याचा रुमाल नळाखाली ओला करून घट्ट बांधायची, खांद्याला पितळी डबा अडकवायची आणि कूलिंग टॉवरच्या फेरीला निघायची. एकोणीस वर्षं हेच. शोरबुलाकच्या वीजकेंद्रात किती माणसं आली, किती निवृत्त झाली, किती ताश्कंदला पळाली. सनोबरची फेरी चुकलेली कुणी पाहिली नव्हती. डब्यात तीन तापमापक, वारा मोजायची एक फिरकी आणि भूक लागलीच तर मांस भरलेला एक सोमसा.

टॉवर म्हणजे ओळीनं उभे असलेले काँक्रीटचे आठ कप्पे, एकेक तीन मजली घराएवढा. टर्बाइनकडून आलेलं गरम पाणी वरच्या फवाऱ्यांतून खाली कोसळतं, माथ्यावरचा अवाढव्य पंखा खालच्या झडपांतून वारा ओढून वर फेकतो आणि पडता पडता पाणी निवतं. ते जितकं गार, तितकी वीज जास्त. चिल्ल्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या त्या नकोशा चाळीस दिवसांत, अख्ख्या जिल्ह्याचे पाण्याचे पंप आणि दवाखाने या आठ कप्प्यांच्या जिवावर चालायचे.

आता या गारव्यालाही हद्द असते, आणि ती सनोबरनं नव्या माणसांना इतक्यांदा समजावली होती की झोपेतही सांगितली असती. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि तो वाऱ्यात धरायचा. पारा उतरत उतरत जिथं थांबेल, त्याच्या खाली कुठलाही पंखा पाण्याला नेऊ शकत नाही. ओल्या फडक्यातल्या सुरईत पाणी गार होतं, पण त्याचा बर्फ होत नाही, एवढंच ते शास्त्र. त्या दिवशी सावलीत सेहेचाळीस होते आणि ओलं फडकं तेवीसवर थांबलं होतं. पहिल्या कप्प्याचं पाणी एकोणतीस. दुसऱ्याचंही एकोणतीस. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे तिथंच घुटमळत होते. सहाव्याचं भरलं वीस पूर्णांक सहा.

सनोबर स्वतःशीच हसली. तापमापक बिघडला होता, दुसरं काय असणार.

सहाव्या कप्प्याचा पंखा तीनच दिवसांपूर्वी नवा बसवला होता. नवं घर असो, नवी गाडी असो की यंत्र, त्याच्या नावानं रक्त काढल्याशिवाय शोरबुलाकमध्ये कुणी ते वापरत नाही. त्या दिवशीही मेंढा आणला होता. मेंढा कापायचा तो बाहेर, मोकळ्या जमिनीवर. पण उन्हात माणूस उभा राहीना. "इथं कापलात तर सोलायच्या आधीच शिजेल. आत घ्या रे त्याला!" विभागप्रमुख तोशपुलात ओरडले. मग दार उघडून मेंढा कप्प्याच्या आत, पडत्या पाण्यात नेला. रक्त हौदात गेलं. पुलाव मात्र झकास झाला होता, आणि सनोबरनंही दोनदा वाढून घेतला होता.

२

तिनं तिन्ही तापमापक एका बादलीत बुडवले. तिघांचा आकडा एकच आला. मग ते घेऊन ती पुन्हा सहाव्याकडे गेली, आणि तिघांनीही वीस पूर्णांक सहाच सांगितले.

मग तिनं झडपांपाशी फिरकी धरली. पंखा जोरात वारा खेचत असेल तर फिरकी भणभणायला हवी होती. ती इतर कप्प्यांपेक्षा सावकाश फिरत होती. म्हणजे वारा कमी आणि पाणी गार. सनोबरनं उन्हात उभं राहून तो हिशोब तीन वेळा मांडला आणि तीनदा तिला स्वतःचाच राग आला. उष्णता कुठंतरी जायला हवी. वारा नेत नसेल तर ती जात कुठं होती?

"सनोबरखान, तुमचा त्रास काय आहे नेमका?" तोशपुलात टेबलावर पाय पसरून कलिंगड खात होते. "एकोणीस वर्षं पाणी तापतंय म्हणून रडलात. आता गार पडलं तर त्याचंही रडगाणं?"

"अका, असं होऊच शकत नाही," ती म्हणाली; गावात वडीलधाऱ्या पुरुषाला अका म्हणत.

"झालंय ना? मग झालं." त्यांनी बी थुंकली. "ताश्कंदहून सकाळपासून चार फोन आलेत, वीज कमी पडू देऊ नका म्हणून. आज पहिल्यांदा मी ताठ आवाजात हो म्हणालो. त्या कप्प्याला नजर लावू नका तुम्ही."

त्याच वेळी बाहेर आरडाओरडा झाला. सहाव्या कप्प्यात फवारे साफ करायला नॉरताजी आणि पिरनझर गेले होते. दोघं मेहुणे, एका ताटात जेवणारे. पिरनझर दारातून रांगत बाहेर आला तेव्हा त्याचा खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. त्याच्या मागून नॉरताजी आला, हातात मोठा पाना घेऊन. त्यानं सगळ्यांदेखत तो पाना आणखी दोनदा मेहुण्याच्या पाठीत घातला, आणि मग उन्हात येताच थबकला. पान्याकडे पाहिलं. लहान मुलासारखा भोकाड पसरून रडायला लागला.

"काय झालं रे? काय म्हणाला तो तुला?" लोक विचारत होते.

"काही नाही," नॉरताजी हुंदके देत म्हणाला. "काहीच म्हणाला नाही तो."

रुग्णवाहिका गेल्यावर सनोबरनं सवयीनं पाण्यात तापमापक धरला. अठरा. तिनं वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला आणि वही मिटली.

३

पुढचे चार दिवस सगळं वीजकेंद्र सहाव्या कप्प्याच्या दाराशी जेवायला बसू लागलं. का बसणार नाही? दार उघडलं की आतून असा गारवा यायचा की घामेजलेल्या पाठीवर काटा उभा राहायचा. किटलीतला चहा पेल्यात ओतेपर्यंत कोमट आणि तोंडाला लावेपर्यंत गार व्हायचा, आणि त्यावरून थट्टा चालायची.

सनोबर तिथं जेवायची नाही. ती दाराशी उभी राहून कान द्यायची. पाणी पडण्याचा एक आवाज असतो, सगळीकडे सारखा, पाण्यावर पाणी. एकोणीस वर्षांत तो तिच्या कानात मुरला होता. सहाव्या कप्प्यात, खूप आत, पलीकडच्या भिंतीजवळ, त्या आवाजात एका जागी खोट होती. तिथं पाणी पाण्यावर पडत नव्हतं. भिजलेल्या गोधडीवर पडावं तसा तो आवाज जड येत होता. वरची एखादी फळी निसटून हौदात पडली असेल, तिनं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो जड आवाज भिंतीपाशी नव्हता. मधल्या खांबाजवळ होता. फळी पाण्यावर तरंगत आली असेल. तिसऱ्या दिवशी तो खांबाच्या अलीकडे आला, आणि हौदातल्या पाण्याची ओढ तर उलट्या दिशेला होती.

तिसऱ्याच दिवशी खरबूज कापता कापता एकानं शेजाऱ्याच्या मांडीत सुरी खुपसली. पाणी साडेसोळा. चौथ्या दिवशी दोघा वेल्डरांनी तिसऱ्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, तो निपचित पडल्यावरही आपटत राहिले. पाणी चौदा.

"उकाड्यानं डोकी फिरलीत," असं सगळे म्हणत होते. सनोबरही तेच म्हणत होती. तापमापकाला रक्त कळत नाही; काच आणि पारा आहे तो. पण तिच्या वहीत मारामाऱ्यांच्या आणि पारा उतरल्याच्या वेळा समोरासमोर पडल्या होत्या, आणि त्या तिनं स्वतःच्याच हातानं लिहिल्या होत्या.

४

तिला भीती होती ती हमदमसाठी.

हमदम तिचा धाकटा भाऊ, पंख्यांचा मिस्त्री; तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणायचा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि सनोबर सतरा वर्षांची. त्याच्यापायी तिनं दोन स्थळं नाकारली आणि तिसरं आलंच नाही. आता तिशीचा झाला तरी तिला तो जेवला की नाही याची काळजी. हमदमला लावे पक्षी पाळायचा नाद होता. सगळ्यात लाडका लावा तो अंगरख्याच्या बाहीत घेऊन कामावर यायचा आणि पंख्याला तेल घालताना त्याच्याशी बोलायचा. त्यानं आजवर माशीसुद्धा मारली नसेल, असं गावात म्हणत.

"सहाव्यात जाऊ नकोस," तिनं सकाळीच बजावलं होतं.

"ओपा, पंखा कुरकुरतोय. मी नाही जाणार तर काय तू चढणार?"

"कुरकुरू दे."

"म्हातारी झालीस तू," तो हसला आणि तिच्या डब्यातला सोमसा उचलून पळाला.

दुपारी तो सहाव्यातून बाहेर आला तेव्हा ती दाराशीच होती. ओठ निळे पडले होते, पण चेहरा शांत होता. "काही नव्हतं गं. एक पट्टा सैल होता," तो म्हणाला. मग बाहीत हात घातला, लाव्याला दाणा द्यायला. हात बाहेर आला तो लालभडक. लाव्याची पिसं, हाडं, सगळं एकत्र चेचलं गेलं होतं, ते त्याच्या मुठीत होतं. एका आवळण्यानं तसं होत नाही. बराच वेळ चुरगाळत राहावं लागतं.

"हे कुणी केलं?" हमदमनं विचारलं. खरंच विचारलं. सनोबरला रडू कोसळलं आणि तिनं त्याचा हात नळाखाली धरून मुलाचा हात धुवावा तसा धुतला. "तू आजारी आहेस. उद्यापासून सुट्टी घे," ती म्हणत राहिली. त्यानं मान डोलावली. तो पार खचला होता.

पाणी साडेतेरा झालं होतं. एवढ्याशा पाखराचा अर्धा अंश, असं तिच्या मनात आलं आणि आपण हे काय मोजतोय म्हणून ती शरमली.

५

दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस अंश होते. सकाळी सहाव्याचं पाणी पुन्हा तापू लागलं, पंधरा, सतरा, वीस. ताश्कंदचा फोन दर दहा मिनिटांनी खणखणत होता.

सनोबर हमदमच्या सुट्टीचा अर्ज घेऊन तोशपुलातांच्या खोलीत गेली. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर तिची वही उघडी पडली होती. ज्या आकड्यांच्या आधी मारामाऱ्या झाल्या होत्या, त्या प्रत्येकाखाली निळ्या पेन्सिलीची रेघ होती. शेजारी दिवसाच्या कामाचा तक्ता होता. सहावा कप्पा, आतली सफाई: हमदम आणि युल्दाश.

युल्दाशच्या बहिणीशी हमदमची सुपारी फुटली होती. लग्नाला आठवडा उरला असताना हमदमनंच नाही म्हटलं होतं. दोन वर्षं युल्दाश त्याला दिसेल तिथं धमकावत होता, आणि दोन वर्षं तोशपुलातच त्यांना वेगवेगळ्या पाळ्यांत ठेवत आले होते.

ते दारात येऊन उभे राहिले. घामानं सदरा चिकटला होता.

"माझी वही वाचलीत तुम्ही," सनोबर म्हणाली.

"वाचायलाच लिहिता ना?"

"कुठं आहे माझा भाऊ?"

"बोलावून घेतलंय त्याला. सनोबरखान, प्रसूतिगृहात अकरा बायका आहेत. वीज गेली तर..." त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. "दोन चार टाके पडतील. तरणी पोरं आहेत. नॉरताजीचा मेहुणासुद्धा वाचलाच की."

तिनं त्यांच्या थोबाडीत मारली. मग खांद्याचा पितळी डबा सावरला आणि धावत सुटली. पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं की उन्हानं तापलेला कठडा तिनं उघड्या हातानं धरलाय आणि तळवा भाजतोय. तो तिनं तसाच धरून ठेवला.

६

दार आतून ओढलेलं होतं. तिनं खांदा लावून उघडलं.

आत गुडघाभर पाणी, आणि वरून पाऊस. अंधार नव्हता, झडपांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या आणि त्यांत धुकं हलत होतं. थंडी हाडात शिरली. तिनं हाक मारली, पण पाण्याच्या आवाजात तिची तिलाही ऐकू आली नाही.

मग ऐकू आला तो ठोका. ओल्या मांसावर लोखंड. थोडं थांबून पुन्हा.

दोघं मधल्या खांबाच्या अलीकडे होते. युल्दाश पाण्यात उताणा पडला होता आणि हमदम त्याच्या छातीवर गुडघे रोवून बसला होता. हातात नळीचा तुकडा. युल्दाशचा एक डोळा बंद झाला होता, ओठ फाटून दात दिसत होते, आणि तरीही त्यानं हमदमचा कान मुठीत धरून मुळापासून पिळला होता. कान अर्धा निघाला होता. ते एकमेकांना शिव्या देत नव्हते. दोघंही काही बोलत नव्हते. सनोबरला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

तो जड आवाज आता अगदी जवळ होता. त्या दोघांच्या मागंच.

तिनं मन घट्ट करून पाहिलं. थंडीत त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. पंखा वर होता. वाफ वर जायला हवी होती. ती आडवी चालली होती. हमदमची वाफ, युल्दाशची वाफ, फाटलेल्या कानातून निघणारी वाफ, सगळी एका दिशेला, खाली, एका जागी ओढली जात होती. आणि त्या जागी पाणी पडत नव्हतं. म्हणजे पडत होतं, पण हौदापर्यंत पोचत नव्हतं. गुडघे दुमडून बसलेल्या मोठ्या जनावराएवढ्या उंचीवर ते अडत होतं, दोन्ही बाजूंनी ओघळत होतं. ओघळांच्या मधे पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. मग एका बाजूचे ओघळ हलले. तिथं जे काही बसलं होतं त्यानं मान वळवली असावी, कारण सनोबरची स्वतःची वाफ तोंडापुढून निघाली आणि आडवी होऊन तिकडे चालू लागली.

त्याच क्षणी तिला हमदमचा राग आला.

असा राग तिला आयुष्यात आला नव्हता. चोवीस वर्षं. चोवीस वर्षं याचे कपडे धुतले, याच्या तापात जागले, दोन चांगली माणसं दारातून परत पाठवली, आणि हा लावे पाळतो. यातलं खोटं काहीच नव्हतं. रोज उशाखाली दाबून ठेवलेलंच होतं ते; फक्त आता ते दाबणारा हात उचलला गेला होता. तिनं पितळी डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि भावाच्या तोंडावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला पावसातही ऐकू आला. तो पडला. तिनं पुन्हा घातला. तिला बरं वाटत होतं; उन्हातून आल्यावर सुरईतलं पाणी घशाखाली उतरावं तसं बरं वाटत होतं. तिसऱ्यांदा डबा उचलला तेव्हा युल्दाशनं, त्याच युल्दाशनं, तिचे पाय धरले.

"ओपा, मरेल तो! ओपा, तुमचा भाऊ आहे!"

ती थांबली. कप्प्यात सगळीकडे पाणी पाण्यावर पडत होतं, सारखं, कुठंही खोट नव्हती.

७

हमदम वाचला. डावा डोळा गेला, नाक आणि गालाचं हाड मोडलं. शुद्धीवर आल्यावर त्याला वाटलं की हे सगळं युल्दाशनं केलं, आणि युल्दाशनंही का कोण जाणे ते कबूल केलं. सनोबरनं दोघांपुढेही तोंड उघडलं नाही. तिची लाज तिला जिवंतपणी खात होती.

तिसऱ्या दिवशी तोशपुलातांचा फोन आला. "सहावा कप्पा गेला," ते ओरडत होते. "एकोणतीस! इतरांसारखाच! काय केलंत तुम्ही आत जाऊन?" तिनं फोन ठेवला. तासाभरात शोरबुलाकची वीज गेली आणि दवाखान्यातले पंखे एकेक करून थांबले.

वॉर्डात दहा खाटा होत्या. थोड्याच वेळात भिंतींना हात लावला तरी चटका बसू लागला. रोग्यांचे नातेवाईक पुठ्ठ्यांनी वारा घालत होते. सनोबर हमदमच्या उशाशी त्याचा हात हातात घेऊन बसली होती.

"किती गार हात आहे गं तुझा," पट्ट्यांच्या आतून तो म्हणाला. "कपाळावर ठेव ना."

तिनं ठेवला.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं मान वळवली. "लेकी, जरा इकडे सरकून बस. तुझ्या बाजूनं बरी झुळूक येतेय." पलीकडच्या माणसाचा मुलगा स्टूल घेऊन जवळ आला. त्याच्या मागून आणखी दोघं आले. झाडाच्या सावलीला बसतात तशी ती माणसं तिच्याभोवती बसली आणि सुस्कारे सोडू लागली. दारापाशी खुर्ची कुणाची यावरून दोन भाऊ हळू आवाजात बोलत होते. मग आवाज चढला. मग खुर्ची मोडल्याचा आवाज आला आणि एक बाई किंचाळली.

सनोबरच्या तळहातापासून खांद्यापर्यंत एक सुखद गारवा चढत गेला. तिला कळलं. आपण आत्ताच्या आत्ता उठायला हवं, या वॉर्डातून, या गावातून, जिथं एकही माणूस नाही अशा वाळवंटात जायला हवं, हे तिला अगदी स्पष्ट कळलं. तिनं हात ओढला. हमदमनं दोन्ही हातांनी तो गच्च धरून पुन्हा कपाळावर दाबला. लहानपणी तापात धरायचा तसाच.

"जाऊ नकोस ना, ओपा. खूप उकडतंय."

तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं. दाराशी कुणीतरी कुणालातरी भिंतीवर आपटत होतं. सनोबरनं भावाच्या पट्ट्यांखालून दिसणाऱ्या त्या एका डोळ्याकडे पाहिलं, आणि बसून राहिली.